नदीकाठची पोयट्याची जमीन
(बी. ए. द्वितीय वर्ष)

शेतकऱ्याच्या तोंडी 'जमीन' हा शब्द एकटा क्वचितच येतो. ती काळी असते, बरड असते, मुरमाड असते, चोपण असते, नाहीतर चिबड असते. गावठाणाच्या जागेला 'पांढरी' आणि शेतीच्या रानाला 'काळी' म्हणण्याची रीत तर फार जुनी आहे. पण या काळ्या-पांढऱ्याच्या पलीकडे, नदीच्या कडेकडेने, जमिनीची आणखी एक अरुंद पट्टी असते. तिचा रंग धड काळा नाही, धड पांढरा नाही. वाळली म्हणजे ती राखेकडे झुकते आणि भिजली म्हणजे चहाच्या चोथ्यासारखी दिसते. तिला कोणी मळई म्हणतात, कोणी गाळवट म्हणतात, कोणी नुसते 'काठचे रान' म्हणून मोकळे होतात. पुस्तकात तिला पोयट्याची जमीन असे नाव आहे.

कॉलेजसाठी मी गोरेगावला येतो. आमचा भाग कयाधू आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला आहे. कयाधू वाशीम जिल्ह्यात उगम पावते, सेनगाव तालुक्यातून हिंगोलीकडे जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे नर्सी हे गाव तिच्याच काठी आहे. भक्त प्रल्हादाच्या आईचे नावही कयाधूच. नदी उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणून बाहेरच्या माणसाला ती ओढ्यासारखी वाटते. पण तिच्या काठी आमचे दीड एकराचे रान आहे, आणि त्या रानातली वरची दोन फूट माती विकायची की नाही, हा प्रश्न गेल्या वर्षापासून आमच्या घरात आहे. त्या निमित्ताने मी या मातीविषयी जे वाचले, कृषी विभागाच्या मंडळींना विचारले आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले, ते येथे मांडीत आहे. भूगोलाच्या प्राध्यापकांनी काही ठिकाणी अधिक नेमके शब्द सुचविले, त्यांचा उपयोग केला आहे.

प्रथम 'पोयटा' म्हणजे काय ते पाहू. मातीचे कण आकारावरून तीन प्रकारांत मोडतात. दोन मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू. ०.०५ पासून ०.००२ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे पोयटा. त्याहून बारीक ती चिकणमाती. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो आणि बोटांना टोचतो. चिकणमातीचा कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दाद देत नाही. पोयटा मधला आहे. तो डोळ्यांना वेगळा दिसत नाही, पण बोटांना कळतो, दळलेल्या पिठासारखा लागतो. ज्या जमिनीत निम्म्याहून अधिक कण या मधल्या आकाराचे असतात आणि चिकणमाती साधारण पाव हिश्शाच्या आत असते, ती ही जमीन. आपल्या खोल काळ्या रानात चिकणमातीच चाळीस ते साठ टक्के असते. दोन्हींची माती एकाच नदीच्या खोऱ्यातली, एकाच काळ्या खडकाची, तरी वागणूक सर्वस्वी निराळी, याचे मूळ या आकड्यांत आहे.

ही परीक्षा घरी करता येते. सरळ बाजूंच्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घ्यावी, पाणी भरावे, चिमूटभर धुण्याची पावडर टाकून खूप हलवावे आणि बाटली ओट्यावर ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाला बसते. पोयट्याला दोन-तीन तास लागतात. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. आमच्या काठच्या मातीची बाटली मी अशी ठेवली तेव्हा बसलेल्या दहा बोटांपैकी दोन बोटे वाळू, सहाच्या जवळपास पोयटा आणि वर उरलेली चिकणमाती निघाली. वरच्या काळ्या रानाची बाटली तिसऱ्या दिवशीही धड निवळली नव्हती. ज्याला बाटलीचाही खटाटोप नको त्याने ओली माती अंगठा आणि बोट यांमध्ये दाबून तिची पट्टी काढावी. काळीची पट्टी लांब निघते, तिची बांगडीसुद्धा वळते. पोयट्याची पट्टी इंचभर जाते आणि तुटते.

ही जमीन झाली कशी? आपल्या पठाराचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी तो झिजतो, आणि पावसाळ्यात त्याची माती ओढ्यांतून नदीत येते. पूर चढलेला असतो तेव्हा पाण्याला वेग असतो व तो सगळे वाहून नेतो. पाणी काठावरून बाहेर पसरले की त्याचा वेग एकदम मोडतो. मग जड वाळू पात्राच्या अगदी कडेला पडते, तिच्या मागे पोयटा बसतो, आणि सर्वांत बारीक चिकणमाती लांब सखल भागात साचलेल्या पाण्यातून सावकाश खाली येते. म्हणजे पूर ही एक मोठी चाळणीच होय. बाटलीत जे तीन दिवसांत दिसते ते नदी शेकडो वर्षे करीत आली आहे. एका पुराचा थर कधी बोटाएवढा असतो, कधी कागदाएवढा. आमच्या काठाच्या उभ्या दरडीत हे थर पुस्तकाच्या पानांसारखे वेगळे दिसतात.

गंगेच्या किंवा सिंधूच्या मैदानाशी आपली तुलना मात्र करू नये. तिथे गाळाचे मैदान शेकडो मैल पसरले आहे. दख्खनच्या नद्या खडकातून वाहतात, आणि त्यांच्या काठचा गाळ पुष्कळ ठिकाणी फर्लांग-दोन फर्लांगांचा. यातला पुष्कळसा गाळ फार प्राचीन आहे. गोदावरी आणि मांजरा यांच्या जुन्या गाळात हत्ती व पाणघोडे यांची अश्मीभूत हाडे सापडली आहेत. आज जेथे एप्रिलमध्ये जनावरांना पाणी शोधावे लागते तेथे एके काळी पाणघोडे डुंबत होते, हे वाचून मला प्रथम खरेच वाटले नाही. याच जुन्या गाळात खाली चुनखडीचे खडे सापडतात. पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त असले की चुना पार धुऊन जात नाही, तो अर्ध्या वाटेवर गोळा होतो. हिंगोली जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत. उरलेले आठ महिने हवा जमिनीतले पाणी ओढीत असते. म्हणून आपला प्रदेश निमशुष्क ठरतो. नदीकाठ आणि कोरडी हवा या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे या जमिनीला तिचे गुणही मिळाले आहेत आणि दोषही.

गुणांपैकी पहिला पाण्याचा. पुष्कळांची समजूत अशी की काळी जमीन सर्वांत जास्त पाणी धरते, म्हणून तीच पिकाला सर्वांत जास्त पाणी देते. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा तितका खरा नाही. चिकणमातीचे कण इतके बारीक आणि त्यांच्यामधल्या फटी इतक्या अरुंद की बरेचसे पाणी त्या सोडतच नाहीत. मुळे ओढ काढतात आणि थकतात. वाळूचे उलट आहे, ती पाणी धरीतच नाही. पोयटा धरतो आणि देतोही. एक मीटर खोलीच्या पोयट्याच्या जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी साधारण १६ ते २० सेंटिमीटर भरते. जमिनींच्या सर्व प्रकारांत हा आकडा वरच्या रांगेतला आहे. पावसाने ताण दिला तर काठचे सोयाबीन वरच्या माळापेक्षा आठ-दहा दिवस उशिरा माना टाकते, याचे कारण हेच.

दुसरा गुण वाफशाचा. 'वाफसा' या शब्दाला दुसऱ्या भाषेत तोडीचा शब्द असेल असे मला वाटत नाही. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, हवा आहे पण धूळ नाही, औत घातले तर माती फाळाला चिकटत नाही आणि ढेकूळही निघत नाही, अशा अवस्थेला वाफसा म्हणतात. काळ्या रानात पाऊस उघडल्यावर वाफसा यायला उशीर लागतो, आणि आला म्हणजे दोन-तीन दिवसांत निघून जातो. तेवढ्यात पेरणी साधली तर साधली. पुढे तीच जमीन अशी कडक होते की भेगांत काठी जावी. पोयट्याच्या रानात वाफसा लवकर येतो आणि जास्त दिवस टिकतो. एकच बैलजोडी असलेल्या घराला याचा अर्थ फार मोठा आहे. आमचे आजोबा आधी काठचे रान पेरून घेत आणि मग वर जात. "काळं अजून पाय सोडंना, तवर इथलं उरकून घेऊ," हे त्यांचे दर मृगातले बोलणे होते.

जुन्या माणसांनाही हे कळले होते असे दिसते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. ही माणसे सातू पिकवीत होती आणि पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी चरही खणला होता. प्रवरेच्या काठचे दायमाबाद हेही अशाच नदीकाठच्या गाळावर वसलेले. भारी काळी जमीन फोडायला लोखंडी फाळ हवा आणि तो पुढे आला, म्हणून पहिली शेती नदीकाठच्या मऊ गाळात झाली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. या मतावर वाद आहेत. परंतु लाकडी औताने जी जमीन फुटते ती आधी धरावी हे कोणत्याही काळच्या शेतकऱ्याला सुचेल असे मला वाटते.

आता आमच्याकडील उपयोग पाहू. राज्यात हळदीच्या पिकात हिंगोली जिल्हा आघाडीवर आहे, आणि 'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद काळ्या रानातही होते, नाही असे नाही. पण हळद जमिनीत आठ-नऊ महिने राहते आणि तिचे सगळे धन जमिनीखाली असते. पाणी साचून राहिले तर कंद कुजतो. माती आवळली तर कंद फुगत नाही. आणि काढणीच्या वेळी काळी माती कंदाला अशी धरून बसते की बायकांची बोटे सोलवटतात. काठच्या रानात कुदळीने गड्डा उचलला आणि दोनदा झटकला की कंद मोकळा होतो. मजुरीचा हिशेब केला तर हा फरक लहान नाही. माझी आई दोन्हीकडे हळद काढायला जाते. तिला मातीचा प्रकार विचारावा लागत नाही, रोज संध्याकाळी तिच्या हातांवरून तो कळतो.

भुईमूग, कांदा, लसूण, रताळे ही जमिनीखाली वाढणारी सगळी पिके याच कारणाने येथे सुखी असतात. भाजीपाला, गहू आणि ऊस चांगले येतात. तापीच्या खोऱ्यात रावेर-यावल भागात केळीचे जे वैभव आहे ते तेथील खोल गाळावरच उभे आहे. जळगावच्या केळीलाही मानांकन आहे. खुद्द पात्रातल्या वाळूत उन्हाळ्यात टरबूज-काकडीच्या वाड्या लावण्याची भोई समाजाची परंपरा आहे, पण तो वाळूचा विषय, येथे त्याच्या खोलात जात नाही. कापसाला आणि तुरीला मात्र आमच्याकडे काळीच बरी समजतात.

एवढे वाचून काठची जमीन म्हणजे सोने असे कोणी समजेल. गावातही तसेच समजतात, आणि वाटण्यांच्या वेळी भावाभावांत हाणामाऱ्या होतात त्या काठासाठीच. पण या जमिनीचा स्वभाव नाजूक आहे, हे फारसे कोणी बोलत नाही.

चिकणमातीत कणाला कण धरून ठेवणारा चिवटपणा असतो. वाळूचा कण निदान जड तरी असतो. पोयटा चिवटही नाही आणि जडही नाही. पावसाचा जोरदार थेंब त्याच्या ढेकळावर पडला की ढेकूळ विरघळते, सुटलेले कण वरच्या फटींत जाऊन बसतात, आणि ऊन पडल्यावर जमिनीवर खपली धरते. नुकतेच पेरलेले सोयाबीन या खपलीखाली मान वाकवून अडकते. मग दातेरी कोळपे हलके फिरवून नाहीतर तुषार संचाने पाणी देऊन ती फोडावी लागते. यावर खरा उपाय शेणखताचा. कुजलेले सेंद्रिय द्रव्य पोयट्याच्या कणांना बांधून ठेवते. पण गोठेच रिकामे झाले आहेत, शेणखत आणायचे कोठून? आपल्या भागातील जमिनींत सेंद्रिय कर्ब कमीच असतो, आणि जी जमीन मशागतीला सोपी तिचीच मशागत जास्त होते, त्यामुळे तिथला कर्ब अधिक लवकर जळतो. शिवाय ओल्या पोयट्यावरून ट्रॅक्टर गेला की नांगराच्या तळाशी एक घट्ट थर बसतो. तो वरून दिसत नाही. मुळे तिथवर जातात आणि आडवी वळतात.

दुसरा दोष क्षारांचा. दिव्याची वात जसे तेल ओढते तसे पोयट्याच्या बारीक नळ्या खालचे पाणी वर ओढतात. खाली गोडे पाणी असेल तर रब्बीच्या पिकाला हे वरदान. पण पाणी वर येऊन उडून जाते आणि त्यातले मीठ मागे राहते. कालव्याचे नाहीतर मोटारीचे पाणी बेसुमार दिले, निचरा ठेवला नाही, की काही वर्षांत जमिनीवर पांढरे फूल दिसू लागते. विदर्भात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या गाळाच्या मैदानात खारपाणपट्टा आहे. तिथली माती आमच्या काठापेक्षा भारी, पण निमशुष्क हवेत गाळाच्या मैदानात क्षार कसे घर करतात त्याचे ते मोठे उदाहरण आहे. विहिरीला पाणी लागते आणि ते पिकाला देता येत नाही! (ही पूर्णा तापीला मिळते. येलदरी धरणाची आपली पूर्णा निराळी, ती गोदावरीला मिळते. परीक्षेत हा घोटाळा नेहमी होतो.) चुन्याच्या जमिनीत लोह आणि जस्त पिकाला नीट मिळत नाही, म्हणून काठच्या हळदीची किंवा सोयाबीनची पाने कधी कधी शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. दुकानदार त्यावर दरवेळी नवे औषध देतो.

तिसरा आणि सर्वांत मोठा दोष असा की जिने ही जमीन आणून दिली तीच नदी ती परत नेते. वळणावर पाणी बाहेरच्या काठाला धडकते व तो खाते, आणि आतल्या काठाला गाळ टाकते. एकाची जमीन जाते आणि समोरच्याची वाढते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र मात्र दोघांचेही पूर्वीचेच राहते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली तिच्यात पिके गेली हे सर्वांनी पाहिले, पण नद्यांच्या काठी जमिनीच खरडून गेल्या. पीक एका हंगामाचे असते. खरडून गेलेला थर नदीने किती पिढ्यांत घातला होता हे दरडीतली पाने मोजून पाहावे. राज्य शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मदत जाहीर केली तेव्हा अशा खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे, असे ठरले. जमिनीचे नुकसान हे पिकाच्या नुकसानीहून वेगळे मानले गेले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

याच मदतीच्या नियमांत एक मौजेची तरतूद आहे. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त वाळू किंवा गाळ साचला तर ते नुकसान धरतात आणि तो काढण्यासाठी हेक्टरी १८ हजार रुपये देतात. आजोबा तर पुराने गाळ टाकला की नदीला नारळ वाहात! मग खरे कोणाचे? मला वाटते दोघांचेही. बोटभर पोयटा बसला तर ते खत आहे. पण हल्ली पूर पूर्वीसारखा हळूहळू चढत नाही, तो भिंतीसारखा येतो आणि जाताना पोयट्याऐवजी जाड वाळू आणि गोटे टाकून जातो. नियमाला गाळाची जात कळत नाही, त्याला फक्त इंच कळतात.

'गाळ' या शब्दाचाच हा घोटाळा आणखी एका ठिकाणी होतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा नव्याने घेतली गेली. तलावातला गाळ उपसून शेतात टाकायचा, म्हणजे तलावही खोल होतो आणि शेतही सुधारते. योजना चांगली आहे. पण तलावाचा गाळ आणि नदीकाठचा पोयटा एक नव्हेत. तलावात पाणी थांबलेले असते. जाड कण तोंडाशीच पडून जातात आणि आत भिंतीजवळ साचते ती बहुतेक चिकणमाती. मुरमाड माळावर ती टाकली तर माळाला पाणी धरण्याची ताकद येते. तीच आधीच भारी असलेल्या काळ्या रानात टाकली तर चिबडात भर. टाकण्याआधी एक बाटली हलवून पाहायला काय हरकत आहे?

आता ज्या प्रश्नामुळे मी हे सर्व लिहायला बसलो त्याकडे येतो. ज्या गुणांमुळे ही माती हळदीला चांगली, त्याच गुणांमुळे ती विटेला चांगली. नुसत्या काळ्या मातीची वीट वाळताना आकसते आणि तडकते, तिच्यात राख-भुसा फार मिसळावा लागतो. नुसत्या वाळूची वीट उभीच राहत नाही. पोयट्यात बांधण्यापुरती चिकणमाती आणि तडा थांबविण्यापुरते जाड कण असतात. म्हणून भट्ट्या काठालाच लागतात. आम्हांला एका भट्टीवाल्याने वरची दोन फूट माती मागितली. एकरकमी पैसे, जमीन तुमचीच राहील, वर सपाटीकरण फुकट. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरत आहे. बाबांना हा व्यवहार वाईट वाटला नाही, आणि त्यांच्या जागी असतो तर मलाही वाटला नसता.

मी कलाशाखेचा विद्यार्थी, तरी एक साधा हिशेब मांडून पाहिला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन फूट खोलीने ८७,१२० घनफूट, म्हणजे सुमारे ८७० ब्रास. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास धरली तर ८७० खेपा. दीड एकराच्या तेराशेंहून अधिक. भट्टीवाल्याने सांगितलेली रक्कम खेपांनी भागली तेव्हा बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. दुसरा हिशेब पाण्याचा. मीटरला १८ सेंटिमीटर धरले तर दोन फुटांत सुमारे ११ सेंटिमीटर पाणी राहते. एकराला ते चार लाख चाळीस हजार लिटर होते. हे पाणी साठवायला ना तळे खणावे लागते, ना प्लास्टिक अंथरावे लागते. आमच्या रानात चार फुटांखाली वाळू आणि गोटे लागतात. म्हणजे दोन फूट काढल्यावर उरते ते निम्मेच. शिवाय रान दोन फुटांनी खाली गेले की लहान पूरही आत येणार, आणि सुटी झालेली माती घेऊन जाणार. सरकारी कागदात विटेच्या मातीला 'गौण खनिज' म्हणतात. गौण हे विशेषण कोणी लावले असेल याचे मला नवल वाटते.

या बाबतीत इजिप्तचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. नाईल नदी दरवर्षी पुराबरोबर गाळ आणी आणि वाळवंटात शेती पिके. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले. पाण्याची, विजेची सोय झाली, पण गाळ धरणामागे अडकला. पूर्वीपासून विटा नाईलच्या गाळाच्याच होत आणि नेलेली माती पूर भरून काढी. आता ती भरून येईना, तरी विटांची मागणी वाढतच होती. शेवटी १९८३ साली तेथील सरकारला शेतजमिनीची वरची माती विटांसाठी काढण्यास कायद्याने बंदी करावी लागली. आपल्या नद्यांवरही धरणे आहेत. पूर्णेवर येलदरी-सिद्धेश्वर, पैनगंगेवर इसापूर. त्यांनी जिल्ह्याला पाणी दिले, त्यांची निंदा मी करणार नाही. पण जो पोयटा त्यांच्यामागे बसतो तो खालच्या काठाला येत नाही. कयाधूचे पात्रही आता पूर्वीपेक्षा खोल गेले आहे, आणि काठावर पाणी चढते ते फक्त मोठ्या पुरात. म्हणजे नवी माती येणे थांबत चालले आणि जुनी जाणे वाढले, असा हा जमाखर्च आहे.

काठ राखण्यासाठी कृषी विभागाचे लोक सांगतात ते उपाय खर्चाचे नाहीत. दरडीच्या कडेपासून काही फुटांची पट्टी नांगरायची नाही. तिच्यावर वाळा, बांबू, करंज असे मुळे धरणारे लावायचे. मूळचे गवत जाळायचे नाही. उताराला आडवी मशागत करायची. आमच्याकडे मात्र इंच इंच रान नांगरायची सवय, त्यामुळे दरडीच्या टोकापर्यंत तास जाते आणि पहिल्या पुरात शेवटची दोन तासे नदीत पडतात. यंदा आम्ही पाच हातांची पट्टी सोडली आहे. शेजारच्या काकांनी विचारले, "शिकलेल्यानं रान पडीक पाडायला सांगितलं काय?" त्यांना काय उत्तर द्यावे ते बाबांनीच ठरविले. ते म्हणाले, "पडीक न्हाई, बांध हाय."

मातीचे परीक्षण सर्वांनी करून घ्यावे असे प्राध्यापक सांगतात, आणि मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळतेही. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, लोह-जस्तासारखी सूक्ष्म द्रव्ये, सामू, क्षार आणि सेंद्रिय कर्ब. पण माती वाळूची की पोयट्याची की चिकण, आणि ती किती फूट खोल आहे, याची नोंद त्या बारांत नाही. जे भट्टीवाला एका फावड्यात ओळखतो ते आपल्या पत्रिकेवर नाही. आमच्या पत्रिकेवर सामू ८.१ आणि कर्ब कमी असे आले आहे. मागच्या बाजूला मी शिसपेन्सिलीने बाटलीचे मोजमाप आणि विहिरीच्या कडेला मोजलेली खोली लिहून ठेवली आहे.

भट्टीवाला दिवाळीत पुन्हा येऊन गेला. बाबांनी त्याला नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. हळद रानात आहे, ती निघेपर्यंत थांबा, एवढेच सांगितले. हळद मार्चात निघते.